हिरवी पपई

अंबाजोगाईत कॉम्प्युटर घेऊन मी डिझाइनचं दुकान टाकलं, तेव्हा एक फळवाले चाचा आले. त्यांना गाड्यावर चिकटवायला पपईची वीस रंगीत चित्रं हवी होती. स्क्रीनवर पपई पिवळीधमक होती, पण प्रिंटरमधून हिरवट निघाली. चाचांनी कागदाचा वास घेतला.

"स्क्रीनवर बरोबर आहे, चाचा."

"बेटा, गिऱ्हाईक तुज्या दुकानात येऊन पपई बघनार हाय का?"

मी शरमलो.

"ऱ्हाऊ दे. हीच लावतो, दोन दिवस कच्चीच इकतो."

प्रिंटरची लाल शाई तुंबली होती, म्हणून पिवळा रंग हिरवट येत होता. ती साफ करून मी पिवळी चित्रं काढून ठेवली. चाचा परत आले ते हसतच.

"भाजीला कच्ची लई खपली. हिरवीच आनखी वीस दे."

मग मी चांगली पपई बिघडवायला बसलो.