कौतिक नानांचं उठून जाणं

जळगावजवळच्या असोद्यात कुणाच्या पोरीची सोयरीक जुळवायची असली की कौतिक नानांना बरोबर घ्यायचं, हा जणू रिवाजच पडला होता. नाना काही गावचे पुढारी नव्हते. केळीचा लहानसा मळा, थोडी कपाशी, दारात बैलजोडी, एवढाच त्यांचा पसारा. पण बैठकीत बसावं तर नानांनी. दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली तरी हे भिंतीला टेकून शांत. सगळ्यांचं बोलून झालं की टोपी सारखी करत म्हणायचे, "आता जेवणं करून घेऊ. भरल्या पोटी माणूस कमी भांडतं." आणि जेवणं झाल्यावर अडलेली गाठ खरोखर सुटायची.

साठी ओलांडली आणि नानांच्या मागे एक लचांड लागलं. लघवीला घाईची लागायची, पण जाऊन उभं राहिलं की सुरूच होईना. धार बारीक, मध्येच तुटणारी. आटोपून परत आले तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटेना. रात्री झोपेचं तर पार खोबरं झालं. नानांनी यावर आपल्या परीने तोड काढली. बाहेर जायचं असलं की पाणी प्यायचं नाही. एसटीत बसायचं ते दाराजवळ. परक्या घरी गेलं की आधी मोरी आणि परसदार कुठे आहे ते पाहून ठेवायचं.

त्यांच्या बायकोच्या, बेबाबाईंच्या, नजरेतून हे सुटलं नव्हतं. "अहो, डाक्टरले दाखवा ना एकदा," त्या म्हणाल्या.

"काय दाखवू? म्हतारपण?" नाना खेकसले. "वय झालं की असंच होतं."

कुणीतरी गोखरूचा काढा सांगितला, तो महिनाभर घेतला. फरक शून्य. मनातून नाना धास्तावले होते. त्यांचे एक चुलते असंच कुंथत कुंथत गेले होते आणि तेव्हा घरात सगळे कुजबुजत 'कॅन्सर' म्हणाले होते.

त्यात रावेरची बैठक झाली. मुलाकडचे अडून बसले होते, लग्न आमच्याच दारी आणि बँड बऱ्हाणपूरचाच. बोलणी ऐन रंगात आली आणि नानांना कळ आली. दातओठ खाऊन त्यांनी थोडा वेळ काढला, मग काही न बोलता ताडकन उठून बाहेर पडले. परसदारी बराच वेळ गेला. परत आले तर बैठकीचा नूरच पालटलेला. मुलाचा बाप हात जोडून म्हणत होता, "नाना, रागावू नका. लग्न तुमच्याच दारी होऊ द्या. बँडचंही जाऊ द्या."

नाना टोपी सारखी करत खाली बसले. गावात मात्र बोभाटा झाला, नाना नुसते उठले आणि समोरचा नरमला! लोक कौतुक करायचे आणि नाना अवघडून दुसरीकडे बघायचे.

पण एकदा तारलेलं दुसऱ्यांदा तारतंच असं नाही. त्यांचा जिवाभावाचा मित्र उखर्डू. त्याच्या मुलीची, कुंदाची, बोलणी भुसावळला लागली. मुलगा शिक्षक, वडील तोताराम भाऊ रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे. बोलणी गोडीत चालली होती. तोताराम भाऊ आपल्या घराण्याची माहिती सांगत होते, वडिलांचा विषय निघाला होता, आवाज जड झाला होता. नेमके तेव्हाच नाना उठले. उखर्डूने धोतराचा सोगा धरला, तो सोडवून गेले. परतले तेव्हा तोताराम भाऊंचं तोंड मिटलं होतं ते पुन्हा उघडलं नाही. आठवड्याने निरोप आला, 'तुमच्या नानांना आमचं घर पटलेलं दिसत नाही. वडिलांचं नाव निघाल्यावर उठून जाणाऱ्यांत आम्हाला सोयरीक करायची नाही.'

उखर्डू तणतणत नानांच्या ओट्यावर आला. "काबरं उठला तू? एवढं काय पेटलं होतं?"

नानांच्या ओठावर खरं आलं होतं. पण ओट्यावर आणखी दोघं बसलेले, आत सून. "उठलो, झालं," एवढंच ते म्हणाले.

"झालं?" उखर्डू म्हणाला. "माह्या पोरीचं वाटोळं झालं, ते झालं!" आणि तो गेला तो गेलाच. समोरून आला तरी वाट बदलू लागला. नानांनी बैठकांना जाणं सोडलं. बोलावणं आलं की काहीतरी कारण काढायचे. लोक म्हणू लागले, नानांना आता भाव चढलाय.

पौषातल्या थंडीत नानांना सर्दीपडसं झालं. दुकानातून सर्दीचं औषध आणून ते दोनतीनदा प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लघवीला थेंब नाही. ओटीपोट टम्म फुगलं, हात लावू देईनात. अंग घामाने भिजलं. मुलगा लीलाधर शेतातून धावत आला, शेजाऱ्याची जीप काढली. जळगावपर्यंतचा रस्ता काही लांब नाही, पण प्रत्येक खड्ड्याला नानांना आई आठवत होती.

मूत्रविकारांचे एक डॉक्टर नुकतेच जळगावात येऊन बसले होते. वयाने तरुण, बोलायला मऊ. त्यांनी पोट चाचपलं आणि आधी काही न विचारता लघवीच्या वाटेने नळी घातली. क्षणभर कळ उठली. मग नळीतून धार लागली, पिशवी भरत गेली, आणि नानांना वाटलं, छातीवरचा डोंगरच कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही हो," नाना म्हणाले. "बरं वाटू राह्यलं."

दुसऱ्या दिवशी रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. डॉक्टर पलंगाशी स्टूल ओढून बसले. "नाना, पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की ती वाढते. तरुणपणी सुपारीएवढी, तुमची झालीय लिंबाएवढी. तिने नळी आवळली. त्यात सर्दीच्या औषधाने मूत्राशयाचं तोंड पुरतं आखडलं."

"म्हणजे कॅन्सर?" नानांनी एकदाचं विचारून टाकलं.

"बोटाने तपासलं तेव्हा तसं काही लागलं नाही. बहुतेकांची नुसतीच वाढ असते. तरी काढलेला भाग तपासायला पाठवू, म्हणजे शंका नको. लवकर आला असता तर गोळ्यांवरही भागलं असतं. आता मूत्राशय दमलंय. ऑपरेशन करू. पोट फाडायचं नाही, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढायचा. कमरेत इंजेक्शन देतो, दुखणार नाही."

लीलाधर औषधं आणायला गेल्यावर नानांनी घसा खाकरला. "साहेब, एक विचारायचं होतं. पुरुष म्हणून..."

"बायको वाट बघतेय?" डॉक्टर हसले. "बहुतेकांना त्यात काही उणं पडत नाही. फक्त वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय नसतो."

नानांनी मान फिरवली, पण चेहरा सैल झाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दारात उखर्डू उभा. वैर असलं तरी दवाखान्यात बघायला यायचंच, ही रीत. पलंगाला लटकलेली पिशवी पाहून तो थबकला. नाना म्हणाले, "बस. भुसावळले काबरं उठलो ते सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, रावेरसकट.

उखर्डू आ वासून ऐकत राहिला. मग एकदम कडाडला, "अरे, मुतायले जायचं व्हतं, तर कानात सांगाचं व्हतं ना! मी काय शत्रू व्हतो तुहा?" शेजारच्या पलंगावरचा म्हाताराही हसू लागला. उखर्डूचे डोळे मात्र भरले होते. "मी उद्याच भुसावळले जातो आणि सांगतो त्याइले."

"तू नही," नाना म्हणाले. "मी सांगीन. माले पायावर उभं राहू दे."

ऑपरेशन नीट पार पडलं. नळीतून पाणी सोडून आतलं धूत होते. पिशवीत आधी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ येऊ लागलं. नळी काढली तेव्हा थोडी आग झाली. पण मोरीत उभे राहिल्यावर अशी सरळ, सलग धार लागली की नाना ऐकतच राहिले. बाहेर बेबाबाई उभ्या होत्या. आतून आवाज आला, "बेबे, झालं व! तरण्यासारखं झालं!" आणि त्यांनी लाजून तोंडाला पदर लावला. पुढे तपासणीचा अहवाल आला, कॅन्सर नाही. त्या दिवशी नाना घरी येऊन दुपारीच गाढ झोपले.

डॉक्टरांनी दीडदोन महिने जड काम आणि गाडीचे हिसके टाळायला सांगितले होते. ते पथ्य संपताच नाना आणि उखर्डू भुसावळला गेले. तोताराम भाऊंनी बसा म्हटलं, पण सुरात कोरडेपणा होता.

"भाऊ," नाना उभ्यानेच बोलले, "तुमच्या वडिलांचा अपमान करायला मी उठलो नव्हतो. मला लघवी आवरत नव्हती. लाजेपायी सांगितलं नाही आणि एका पोरीचं नुकसान झालं. जळगावला ऑपरेशन केलं, आता बरा आहे. शिक्षा काय द्यायची ती मला द्या, पण तिला नको."

तोताराम भाऊंनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली. मग खालच्या आवाजात विचारलं, "धार बारीक होती?"

"दोऱ्यासारखी."

"झाल्यावर पुन्हा लागल्यासारखं व्हायचं?"

"व्हायचं."

तोताराम भाऊंनी मुलाला पान आणायला बाहेर पाठवलं आणि नानांच्या जवळ सरकले. "त्या डॉक्टरचं नाव काय हो?"

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, वच्छलाबाई, दारात आल्या. "विचारा, विचारा! वर्षभर सांगतेय मी, कुणाला तरी दाखवा म्हणून. मला काय, रात्रभर मोरीच्या कडीचा आवाज ऐकू येतो!"

पुढच्या सोमवारी नाना स्वतः त्यांना घेऊन जळगावला गेले. तोताराम भाऊंचं दुखणं फार वाढलेलं नव्हतं. गोळ्यांवर भागलं, ऑपरेशनची वेळ आली नाही. महिन्याभरात त्यांना रात्रीची झोप लागू लागली आणि वैशाखात कुंदाचं लग्न त्यांच्याच मुलाशी लागलं. मांडवात नाना आणि तोताराम भाऊ, दोन्ही म्हातारे शेजारीशेजारी बसले होते, आणि कुणी पन्नाशीपुढचा माणूस पंगतीतून सारखा उठताना दिसला की त्याला हळूच बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते.