गाम्बियाचं कालवण

‘आम्ही घोडदळातले, भिया. एका जागी बसणं आपल्याला जमतच नाही,’ असं काका म्हणायचे, भैयाचं इंदुरी ‘भिया’ करत, आणि बाकड्यावर बसून राहायचे.

परदेशीपुऱ्यात जुन्या गिरणीच्या भिंतीला लागून एक गल्ली आहे, तिथे त्यांची खानावळ. चार बाकडी, दोन पंखे आणि दुपारी बारापासून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास. मी नोकरीसाठी सांगलीहून इंदूरला आलो, तेव्हा पलासियातल्या आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने मला तिथे नेलं.

‘कुठले?’ त्यांनी विचारलं.

‘सांगली.’

‘अरे वा! मतलब मराठी एकदम शुद्ध असेल तुमची. आमची तर खिचडी झालीये.’

त्या दिवसापासून मी ‘सांगलीवाले’ झालो. ते सगळ्यांना गावावरूनच हाक मारत. खंडवावाले, सागरवाले, एक होते ते देवासवाले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव मला तीन वर्षांनी, पासपोर्टचा अर्ज भरताना कळलं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि पार दिल्लीपर्यंत जाऊन आले होते म्हणे. काका स्वतः ओंकारेश्वरच्या पुढे गेलेले नव्हते.

त्यांच्याकडे एक कालवण मिळायचं. दाण्यांचं, घट्ट, तांबूस, त्यात रताळ्याच्या फोडी. आमच्याकडे उपासाला दाण्याची आमटी करतात, पण हे तसलं नव्हतं. दर गुरुवारी ते असायचं आणि दर गुरुवारी बाकडी कमी पडायची. एकदा मी विचारलं, ‘काका, हे माळव्यातलं आहे का?’

‘नाही. गाम्बियाचं.’

मला वाटलं, गाम्बिया हे धार-झाबुआकडचं एखादं खेडं असेल. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच समजला असतात.

मग पानं उठल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. खानावळ खरी काकूंची. काकू रांधायच्या आणि काका बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे. लॉकडाऊनच्या आधीच्या हिवाळ्यात काकू गेल्या. काकांनी शटर ओढलं ते ओढलंच. मुलगी भोपाळला, ती बोलवत होती, पण हे गेले नाहीत. मग सगळं शहरच बंद झालं. एका दुपारी कोणीतरी दार वाजवलं. दारात लामिन उभा होता. पश्चिम आफ्रिकेतून इथे फार्मसी शिकायला आलेला, मागच्या गल्लीत खोली घेऊन राहणारा, काकूंच्या हातचं जेवणारा मुलगा. बरोबरचे सगळे आपापल्या गावी निघून गेले होते. हा कुठे जाणार?

‘काका, भूक लगी है,’ तो म्हणाला.

‘आणि मला भात करता येत नव्हता, सांगलीवाले,’ काका म्हणाले. ‘साठीला आलेला माणूस. खानावळीचा मालक. साधा भात नाही.’

लामिनने आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने गाम्बियातल्या आपल्या अंगणात बसून या दोघांना कांदा कसा परतायचा ते दाखवलं. घरात शेंगदाणे होते, टोमॅटो होते, रताळी होती. तिच्याकडे त्याचंच कालवण करतात. ती तिच्या भाषेत बोलायची, लामिन हिंदीत सांगायचा आणि काका मराठीत चुकायचे. दाणे दोनदा जळले. तिसऱ्यांदा जमलं. लामिन त्यांच्याकडेच राहायला आला, आणि पाच महिने ती बाई रोज त्या वेळेला फोनवर हजर असायची. शहर उघडलं तेव्हा काकांनी शटर वर केलं. पहिल्या दिवशी एकच पदार्थ होता.

‘माझी गुरू आहे ती,’ काका म्हणाले. ‘वयाने माझ्याएवढीच असेल. पण गुरू.’

लामिन शिकून परत गेला. फोन चालूच राहिले. आणि दर वेळी ती बाई शेवटी एकच विचारायची, तेवढं एक वाक्य काकांना लामिनशिवाय कळायला लागलं होतं : कधी येतोस? एकदा माझ्या समोर बसून जेव.

गेल्या दिवाळीनंतर काकांनी नॅपकिनला हात पुसले आणि मला म्हणाले, ‘तिचे गुडघे गेलेत. ती काही येऊ शकत नाही. मतलब अपने को जावं लागेल. कागदबिगद तुम्ही बघा.’

अशी सुरुवात झाली. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना पलासियातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी फार गोड होती.

‘सर, दुबई है, बाली है, गोवा में बहुत अच्छा पैकेज है...’

‘गाम्बिया,’ काका म्हणाले.

तिने बरंच टाइप केलं आणि हसून एक कागद हातात ठेवला. त्यावर झाम्बिया होतं, सिंह-जिराफांसकट. काकांनी तो कागद उलटा केला, तिच्याच पेनाने आफ्रिकेचा पोट सुटलेला नकाशा काढला आणि पश्चिमेच्या बाजूला नखाएवढी रेघ ओढली. ‘ही नदी. नदीच्या दोन्ही बाजूला जेवढी जमीन, तेवढाच देश. इथे समुद्र. और इधर हमको जाना है, बेटा.’ त्या मुलीने तो नकाशा ठेवून घेतला. पुढे तिनेच दोन ठिकाणी विमान बदलायचा रस्ता शोधून काढला.

कधी जायचं यावर मात्र वाद नव्हता. लामिन म्हणाला, मार्च-एप्रिलमध्ये या, पाऊस नसतो, हवा छान असते. काका म्हणाले, ‘रंगपंचमीची गेर झाल्याशिवाय नाही. रंगांची असली मिरवणूक सोडून इंदूरचा माणूस कुठे जातो का?’ म्हणून रंगपंचमीनंतरचा चौथा दिवस ठरला.

मग मला त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, पण राग कळत होता. ‘दादा, तुम्ही बाबांना कशाला नादी लावताय? त्यांना बीपी आहे. त्या देशात आपलं कोण आहे?’

मी फोन काकांकडे दिला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘आहे ना, बेटा. तुझी आई गेल्यावर मला जेवायला कोणी शिकवलं?’



खरी अडचण पुढेच होती. तिकडे जाऊन परत यायचं तर यलो फिव्हरची लस घ्यावी लागते, आणि साठीनंतर ती लस जपून देतात. लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कडक. त्यांनी बीपी मोजलं आणि पट्टा काढून ठेवला.

‘एवढं असताना मी देणार नाही. आधी हे खाली आणा, तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आणि खरं सांगू का? जाणं एवढं जरुरी आहे का?’

काका खुर्चीत अवघडून बसले होते. मला वाटलं, आता घोडदळ येणार. पण ते हळूच म्हणाले, ‘मॅडम, एक बाई सहा वर्षांपासून ताट वाढून बसलीये.’

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. लस काही दिली नाही. ‘दीड महिन्याने या,’ म्हणाल्या.

तो दीड महिना मी विसरणार नाही. पोह्यांवर मूठभर शेव घालून खाणाऱ्या माणसाने शेवेचा डबा शेजाऱ्यांकडे नेऊन दिला. रोज सकाळी लालबागेत चालायला लागले. रविवारी मी बरोबर असायचो. दोन फेऱ्या झाल्या की ते झाडाखाली थांबत, दम घेत आणि म्हणत, ‘पणजोबांना घोडा तरी होता, यार.’ चालता चालता ते मला त्यांच्या मनातलं सांगत. विमानाची भीती नव्हती. भाषेचीही नव्हती. भीती वेगळीच होती.

‘तिथे मी ते कालवण करणार, तिच्या समोर. तिने चाखून तोंड वाकडं केलं तर? इतकी वर्षं लोकांना तिच्या नावावर काय खिलवलं मी?’

दीड महिन्याने आम्ही परत गेलो. चिठ्ठी होती, गोळ्या वेळेवर घेतलेल्या होत्या, पण पट्टा बांधला तसे काका पांढरे पडले. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे न बघता विचारलं, ‘काय करतात हो तिकडे जेवायला?’

काका खुलले. कांदा किती परतायचा, दाणे वाटून कधी घालायचे, तेल वर येईपर्यंत झाकण का काढायचं नाही, सगळं सांगत गेले. तेवढ्यात यंत्र टिकटिकून थांबलं. बाईंनी आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि नर्सला म्हणाल्या, ‘तयारी करा.’ जेवणाचं त्यांनी मुद्दामच विचारलं असावं. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, आणि त्या अर्ध्या तासात काकांनी नर्सलाही कालवण शिकवलं.

विमानतळावर मुलगी भोपाळहून आली होती. गोळ्यांच्या तीस पुड्या करून, प्रत्येकीवर वार लिहून आणला होता तिने. गेरीचा गुलाबी रंग काकांच्या कानामागे अजून होता. ती तो आपल्या ओढणीने पुसत राहिली, आणि तो काही गेला नाही.

‘पोचल्यावर फोन करा,’ ती म्हणाली.

‘करतो. तू आता रडू नको. लोक समझतील, मी सीमेवर चाललोय.’

ती हसली. मीही हसलो, आणि मग त्यांची पाठ सुरक्षा तपासणीच्या रांगेत दिसेनाशी झाली.

तिथे पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी परीक्षा झाली. लामिनने ती सगळी फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. अंगणात चूल, भोवती दहा-बारा बायका, आणि मध्ये उकिडवे बसलेले काका. आई खुर्चीत. जाड, काळीसावळी, डोक्याला पिवळं फडकं, चेहरा अगदी मास्तरणीचा. काकांनी सवयीने शेवटी इंदूरहून नेलेला गुळाचा खडा टाकला. बायकांमध्ये कुजबुज झाली. आईने बोटाने चाखलं. पुन्हा चाखलं. मग काहीतरी बोलली आणि सगळ्या बायका खदखदून हसल्या.

‘काका, अम्मी कहती है, अच्छा है,’ लामिनचा आवाज आला. ‘लेकिन ये हमारा नहीं है. ये आपका है.’

काकांनी आईपुढे हात जोडले. आईने त्यांना ओढून शेजारी बसवलं. मोठं पातेलं मध्ये आलं, सगळे त्याच पातेल्यातून जेवायला लागले, आणि ती दर दोन घासांनी चांगली चांगली फोड काकांच्या बाजूला सरकवत राहिली.

तीन आठवड्यांसाठी गेले होते. आता पाचवा चालू आहे. मुलीनेच म्हटलं, राहा अजून, गोळ्या लामिनच्या औषधांच्या दुकानात मिळतील. परदेशीपुऱ्यातलं शटर बंद आहे. सागरवाले आणि मी दुसरीकडे जेवतो आणि एकमेकांशी फारसं बोलत नाही.

परवा ऑफिसात संध्याकाळच्या चहाला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथे भर दुपार. ते किनाऱ्यावर होते. वाऱ्यात काही नीट ऐकू येत नव्हतं. ‘सांगलीवाले, थांबा हं, थांबा,’ म्हणाले आणि फोन बंद करायचा विसरून हात खाली सोडून चालू लागले. आम्ही सात-आठजण टेबलाभोवती उभे राहून बघत होतो. पडद्यावर नुसती ओली वाळू, वर दुमडलेली पँट, आणि शेजारी एक काठी. काठी थांबली की पँट थांबायची. मग एक लाट आली. दोघं एकदम ओरडले, ती तिच्या भाषेत आणि हे मराठीत, आणि काठी काकांच्या हातात देऊन लामिनची आई दोन पावलं पुढे पाण्यात गेली.