चार कॅमेरे आणि धुरपताबाई

नांदेडात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या कुणालाही विचारा, नवरी गोरी करून घ्यायची तर महामायाकडंच. अठरा वर्षं ती कॉम्प्युटरपुढं बसून हेच करत आली. हदगावची असो की हिमायतनगरची, उन्हात रापलेली पोरगी तिच्या हाताखालून गेली की दुधात न्हाल्यागत निघायची. माणसं खूश, धंदा जोरात. पण बाईच्या डोक्यात भलतंच! झोपेतसुद्धा तिला रंग दिसायचे. अर्धापूरच्या केळीतला हिरवा अंधार, कापसावर टेकलेलं ऊन. एकदा तरी खऱ्या सिनेमाचे रंग आपल्या हातून व्हावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि बोलावणं आलं की! लातूरचे रेवणसिद्धअप्पा गावाकडच्या एका म्हातारीवर सिनेमा काढायला निघाले होते. कॅमेरा ठरायचा होता, आणि रंगांचं काम कुणाला द्यायचं तेही. त्यासाठी महामायासकट चौघा कारागिरांना त्यांनी आपल्या स्टुडिओत बोलावलं. अप्पा भारी बेरकी. म्हणाले, "कंपनीचं नाव बघून कुणीबी वाहवा करतंय. नाव झाकून सांगा." स्टुडिओ झाडणाऱ्या धुरपताबाईंना त्यांनी खिडकीपाशी बसवलं आणि चार कॅमेऱ्यांनी एकाच उजेडात त्यांचा चेहरा टिपला. पडद्यावर नावं नाहीत, नुसते आकडे. आवडलेल्या चित्राचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा. ज्याची नजर पटेल त्याला काम.

भरदुपारी पडदे ओढले गेले. अंधारात एकामागून एक चार धुरपताबाया तरंगत आल्या. त्याच सुरकुत्या, तेच कपाळावरचं गोंदण, तीच संथ मिटणारी पापणी. आपण तळ्याच्या तळाशी बसून वर बघतोय, असं महामायाला वाटायला लागलं. जागी आहे की झोपेत, तेच कळेना. हाताला मात्र बरोबर कळत होतं. पहिल्या चित्रात चेहरा उजळ, गालावर गुलाबी झाक. हातानं 'एक' लिहून टाकलं.

बाकी तिघांच्या चिठ्ठ्या अप्पांनी उघडल्या. तिन्हींत 'एक'च आकडा! सगळे लग्नाचेच कारागीर, दुसरं काय लिहिणार, कप्पाळ?

तेवढ्यात धुरपताबाई चहा घेऊन आत आल्या. अप्पांनी पहिलं चित्र दाखवलं. "मावशी, कशी हाय?"

"चांगली हाय की. कोन हाय ही?"

सगळे हसले. "तुमीच की वो!"

धुरपताबाईंनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा बघितलं. "मी? न्हाई वो अप्पा. मी काळी हाय. साठ वर्सं उन्हात काढली, ती कुठं गेली?"

महामायाला आपली अठरा वर्षं आठवली. किती बायांची वर्षं आपण अशी पुसली? त्यांना कधी विचारलं तरी का? तिला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महामायाताई, तुमचा आकडा?" अप्पांनी विचारलं.

चिठ्ठी अजून मुठीतच होती. 'तीन' म्हणता आलं असतं; तिसऱ्यात मावशी सावळ्या तरी दिसत होत्या. उभ्या जन्माचं स्वप्न त्या एका आकड्यावर येऊन थांबलं होतं.

"एक," ती म्हणाली. "चुकलं माझं, अप्पा. पण मावशीला दहा मिनिटं माझ्याजवळ बसू द्या."

तेच पहिलं चित्र तिनं पुढ्यात घेतलं. उजेड हळूहळू उतरवला. "आता?"

"अजून."

गुलाबी झाक काढली. "आता?"

"अजून गं माय, भिऊ नको."

कपाळावर तांबूस काळोख चढत गेला. गोंदण त्यात बुडालं, पुन्हा वर आलं. धुरपताबाई पडद्याकडं सरकल्या, त्यांनी बोटानं तो गाल चाचपला.

"बस्स. आता मी आले."

अप्पांनी लगेच विचारलं, "ताई, काम तुमचंच. आता कॅमेरा कोणता घ्यायचा?"

"कोणताबी घ्या," महामाया डोळे पुसत म्हणाली. "जिचा चेहरा हाय, तिला तेवढं माझ्याशेजारी बसवा."