दगडफूल घातलेली बिअर

आमच्या मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बाटलीत गाळ बसतो तसे ते तळाशी बसतात आणि कुणी बाटली हलवली की वर येतात. मंडळ म्हणजे आम्ही तिघे निवृत्त. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक होतो. नामदेवरावांनी कळमन्याच्या बाजारात जन्मभर मिरचीचा व्यापार केला. मेश्राम बाई जरीपटक्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. माझी मुलगी मुक्ता वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात बिअर बनवते आणि शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, ती आम्हाला नवी बिअर चाखायला बोलावते.

*

माझं मत मात्र कुणी धरत नाही. विद्यार्थी विचारायचे, "सर, हे परीक्षेत येईल का?" मी म्हणायचो, "बहुधा." शास्त्रात याहून जास्त खात्री देता येत नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, बहुधा. कॉलेजात माझं नावच 'बहुधा सर' पडलं होतं.

मुक्ताने पुण्याची नोकरी सोडताना विचारलं, "बाबा, मी बरोबर करतेय ना?" तेव्हाही तोंडून तोच शब्द निघाला. ती हसली नाही. तेव्हापासून माझ्यापुढे ग्लास ठेवताना म्हणते, "फक्त हो किंवा नाही." मी घोट घेतो, विचार करतो, आणि तेवढ्यात ती नामदेवरावांकडे वळलेली असते.

*

नामदेवरावांना शंका हा प्रकारच ठाऊक नाही. पहिल्याच शनिवारी त्यांनी खिशातून भिवापुरी मिरची काढली. "पोरी, हे टाक. बिना मिरचीचं म्हणजे दवाखान्यातलं पाणी."

मुक्ताने खरंच थोडी बनवली. नामदेवरावांनी मोठा घोट घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कशी आहे, भाऊ?" मेश्राम बाईंनी विचारलं.

"थांबा ना बाई. मिरची एक नंबर हाय. बिअर कुठी गेली ते पाहून राहिलो."

*

मेश्राम बाई पीत नाहीत. "पंचशीलात बसत नाही," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "पण वास घ्यायला मनाई असल्याचं माझ्या वाचनात नाही."

एकदा मुक्ताने दोन वेगळ्या पद्धतींच्या बिअर एकत्र केल्या. एक गव्हाची, हलकी, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. दुसरी भाजलेल्या जवाची, काळी. वरून दगडफूल.

"मटणाचा मसाला बिअरमंदी? काहून गा सर, तुमची पोरगी असं काहून करते?" नामदेवराव मला म्हणाले.

बाईंनी ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "कूलर," त्या म्हणाल्या. "नवा वाळा लावून पहिल्यांदा पाणी सोडतो ना, त्या दुपारचा वास."

आम्ही पुन्हा वास घेतला. मग नामदेवराव म्हणाले, "कूलरसमोरच्या जागेसाठी मी भावासंग लय भांडलो. आता पुरा कूलर माझाच हाय."

मुक्ता माझ्याकडे पाहत होती. मला चव आवडली होती. पण आवडली ती बिअर, तो कूलर, की मुलगी, हे मला वेगळं करता येईना.

"ब..." मी सुरुवात केली.

"राहू द्या, बाबा."

*

हॉटेलच्या मालकांनी ती दगडफुलाची बिअर चाखली. "ये गेहूँवाली है या काली?"

मुक्ताने माझ्याकडे बोट दाखवलं. मी दोन यीस्टचे स्वभाव सांगितले, भाजलेल्या जवाचं रसायन सांगितलं. मालकांनी सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं. "सर, गेहूँ या काली?"

"बहुधा दोन्ही."

मालक हसले. "एक नल देता हूँ, महीनाभर. नहीं चली तो बंद." मग मुक्ताला म्हणाले, "नाम क्या रखोगी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मिल गया," ती म्हणाली.

*

त्या बिअरचा नळ सुरू झाला त्या संध्याकाळी आम्ही तिघे कोपऱ्यात बसलो होतो. काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: बहुधा.

नामदेवरावांना हसता हसता ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. मला हसायचं की रागवायचं ते ठरेना, म्हणून मी पाणी आणायला उठलो.

काउंटरपाशी हातात हेल्मेट घेतलेला एक जण फळा वाचत उभा होता. "काका, हे 'बहुधा' प्यायलात का तुम्ही? चांगलं आहे का?"

मुक्ता नळाखाली ग्लास धरून होती. तिने मान वर केली नाही.

"हो," मी म्हणालो.

तो थांबला. पुढे काहीतरी येईल असं त्याला वाटलं असावं. काही आलं नाही.

"मग एक द्या," तो म्हणाला.

मुक्ताच्या हातातला ग्लास भरला. फेस काठावरून तिच्या मनगटावर आला, तिथून काउंटरवर सांडायला लागला.

"पोरी," नामदेवराव कोपऱ्यातून म्हणाले, "नळ बंद कर ना वं."