मिस अ‍ॅल्बिनाची तीन मिनिटं

मिस अ‍ॅल्बिना ह्रुस्का एक्क्याऐंशीची; आमच्या गावात वयस्क बाईला, विधवा असली तरी, आदरानं मिसच म्हणतात. नवरा गेल्यापासून तिचा जीव त्या तपकिरी ब्यूक गाडीत. दर मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या तीन विधवांना गाडीत कोंबायची नि चर्चच्या हॉलवर डोमिनोजच्या सोंगट्या खेळायला न्यायची. मी शेजारी, चाळीस वर्षांपासूनचा तिचा श्रोता.

मार्चमध्ये आमच्या टेक्सासातल्या या चिमुकल्या नगरपालिकेपुढे विषय आला. हमरस्त्यावर रस्त्याचं नाव वाचायला लोक करकचून ब्रेक मारतात नि मागचा येऊन आदळतो. तर आठ चौकांत, सिग्नलच्या दांड्याला, आतून दिवा असलेल्या पाट्या घ्याव्यात का? बरेच जण कुरकुरत होते. गाव माहीत नाही त्यानं इथं यावंच कशाला, असं एकानं विचारलंसुद्धा.

नागरिकाला माइकवर तीन मिनिटं मिळतात. मिस अ‍ॅल्बिना ठेवणीतला ब्लाउज घालून उठली. तिची मुलगी डार्लिन नगरपालिकेत कारकून. समोरच्या टेबलाशी बसून सभेचं टिपण लिहीत होती.

"मला त्या हिरव्या पाट्या दिसतच नाहीत," मिस अ‍ॅल्बिना म्हणाली. "अंधार पडला की पाटी आहे का पोपट बसलाय तेही कळत नाही. मी आपले सिग्नल मोजते. चौथ्याला डावीकडे, मग पुढं एक वळण की हॉल. मागल्या महिन्यात तुम्ही मधेच एक नवा सिग्नल उभा केलात, तर तिघी बायांना घेऊन मी खाटकाच्या अंगणात. तेव्हा घ्या त्या पाट्या."

सभागृह खदखदून हसलं, मग टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर. डार्लिननं आईचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं, आणि घरी जाताना गाडीची किल्ली मागून घेतली.

तिथून सगळ्यांच्याच डोक्याचा भुगा झाला. मिस अ‍ॅल्बिना कुंपणाशी येऊन मला विचारायची, खोटं बोलले असते तर पाट्या आल्या नसत्या नि किल्ली राहिली असती, हे कुठलं गणित? फादरना विचारलं तर ते म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे. त्यात माझ्या उपयोगाचं काय, म्हणून ही त्यांच्यावरच उखडली. नवा चष्मा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरनं गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. डार्लिनचं म्हणणं, डॉक्टरच्या खोलीत अक्षरांमागं दिवा असतो. "आता रस्त्यातही येतोय की," आई म्हणाली. मंगळवारच्या तिघी कधी माझ्या गाडीतून जात, कधी जातच नसत.

नोव्हेंबरात पाट्या लागल्या. पहिल्याच संध्याकाळी डार्लिन ब्यूक घेऊन आईला दाखवायला निघाली. मलाही मागं बसवलं, साक्षीदार म्हणून असेल. पहिल्या चौकाआधीचा पेट्रोलपंपही यायचा होता, तोवर मिस अ‍ॅल्बिना म्हणाली, "सेडार स्ट्रीट." बरोबर. पुढचीही बरोबर. तिसरी तर मला दिसायच्या आधी.

डार्लिननं गाडी पेंडीच्या दुकानापुढं थांबवली.

"आई, पाट्या आठच चौकांत आहेत. गावात चौक त्रेचाळीस."

"मग मी आठांतूनच जाईन."

"हॉल त्यात येत नाही."

आता मिस अ‍ॅल्बिनाही गोंधळली. हमरस्त्यावरून वळल्यावर हॉलपर्यंत दिव्याची पाटी नसलेला एक आंधळा चौक उरत होता. तिघं मिळून बोटांवर चौक मोजत बसलो. एका चौकासाठी नाही म्हणायचं, की आठांसाठी हो, ते कुणालाच ठरवता येईना.

डार्लिननं किल्ली काढली, दोघींच्या मधल्या खाचेत ठेवली.

"ही दिलीस का विसरलीस?" आईनं विचारलं.

"मलाच कळत नाहीये."

मिस अ‍ॅल्बिनानं किल्ली उचलली, खाली उतरली, हळूहळू वळसा घालून डार्लिनच्या दारापाशी आली आणि काचेवर टकटक केली.

"सरक तिकडं. आणि ती टिपणाची वही काढ. त्या एका चौकात कुठं वळायचं ते तू सांगायचंस."

डार्लिन सरकली. वही काढली नाही. सीटचा पट्टा मात्र दोनदा ओढून पाहिला.