कानातला भोंगा

डिचोलीजवळच्या आमच्या गावात खाण चालू होती तेव्हा सुरुंग उडवायच्या आधी भोंगा व्हायचा. तो ऐकला की घरोघरच्या बायका फळीवरचे काचेचे ग्लास उतरवून गादीवर ठेवायच्या, कारण मागोमाग घर हादरायचं. मी त्याच खाणीत ड्रिल मशीन चालवायचो. कान तिथेच गेले.

मग खाण बंद पडली. ट्रक थांबले, धूळ बसली. गावाला वाटलं, सुटलो. त्या शांततेत माझ्या कानात मात्र भोंगा सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, हे बरं होत नाही, सवय करून घ्या. त्याची मुंडी पिरगळावीशी वाटली. भोंगा झाला की सुरुंग उडायला हवा. हा मेला नुसता वाजतच राहतो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "खंय आसा आवाज? म्हाका कायच आयकूंक येना."

एका दुपारी वारा पडला होता, कावळासुद्धा ओरडत नव्हता. भोंगा कवटी फोडून बाहेर येईल असं झालं. मी वरवंटा उचलला आणि फळीवर हाणला. ग्लास, बशा, लोणच्याची बरणी, सगळ्याचा चुरा झाला. आणि क्षणभर कान गप्प झाला. देवाशप्पथ, बरं वाटलं.

बायकोला भोंगा आजही ऐकू येत नाही. पण काल जेवताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, ताटावरून उठली आणि नवे आणलेले ग्लास एकेक करून गादीवर ठेवू लागली.