उजळणीचा मानकरी

चकलांब्याच्या पलीकडे, माळाच्या टोकाला आमची वाडी. घरं बहुतेक धनगरांची आणि माळावर बिरोबाचं देऊळ. गोष्ट निजामाच्या अमलातली. तेव्हा वाडीला रस्ता नव्हता, शाळा नव्हती. पण मान होते. मानांची टंचाई आमच्या वाडीत कधीच पडली नाही. पालखीचा पुढचा दांडा कोणी धरायचा, ढोलावर पहिली टिपरी कोणी मारायची, भंडारा आधी कोणी उधळायचा, सगळं ठरलेलं. एरवी एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी माणसं मानाची गोष्ट निघाली की ओळख विसरायची.

धुळाजीच्या घराकडे उजळणीचा मान होता. बिरोबाचा मुखवटा पितळेचा, पत्रा ठोकून घडवलेला. वर्षभर तो घोंगडीत गुंडाळून गाभाऱ्यात ठेवत. धुरानं आणि तेलानं तो काळा पडे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुळाजीनं तो देवळापुढच्या शिळेवर सगळ्यांदेखत घासून लखलखीत करायचा, आणि दसऱ्याला तो पालखीत बसायचा. त्याचा बाप हेच करी, आजाही हेच करी. घासायचं कशानं, तेही ठरलेलं. गंगेची वाळू. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. धुळाजी मेंढरं घेऊन नदीकाठी जायचा तेव्हा घोंगडीच्या खोळीत वाळू बांधून आणायचा.

हाताचा तो भारी होता. त्यानं रगडलेल्या मुखवट्याकडे उन्हात बघवत नसे. बायाबापड्या तोंडात बोटं घालायच्या. घासताना खाली पडणारं पाणी परातीत धरून ठेवत, आणि त्या पाण्यात सोनेरी कण चमकत. त्याला वाडीत बिरोबाचं तेज म्हणत. प्रत्येक घर ते पाणी तांब्यात घेऊन जाई आणि मेंढरांच्या कपाळाला लावी. कण जास्त, तर साल चांगलं. पाणी साधं दिसलं की लोकच ओरडायचे, "धुळाजी, जोर लाव की! औंदा तेज कमी दिसतंय." मग धुळाजी जोर लावायचा.

ते तेज येतं कुठून, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पडला नाही. मी वाडीला दोष देत नाही. चमकणाऱ्या गोष्टीची चौकशी करावी असं शहाण्यासुरत्या माणसांनाही फारसं वाटत नाही.

धुळाजीला तो प्रश्न पडला तेव्हा त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. हे सगळं मला त्याच्या बायकोनं, कडूबाईनं सांगितलं. धुळाजीला विचारलं तर तो मेंढरांकडे बघत बसायचा. त्या साली घासताना त्याचा अंगठा देवाच्या गालावर जरा जोरात दाबला गेला आणि गाल आत गेला. त्यानं घाबरून आतून बोट घालून खळगा बाहेर काढला. मग त्यानं मुखवटा नीट चाचपला. लहानपणी बापाशेजारी बसून त्यानं याच मिशीवरून नख फिरवलं होतं, तेव्हा एकेक केस नखाला लागायचा. आता मिशी सपाट झाली होती. भुवया कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. त्यानं खाली परातीत बघितलं. पाण्यात कण चमकत होते आणि लोक तांबे घेऊन उभे होते.

त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

"देवाचं तोंड आमी वाटून टाकलं गं," तो म्हणाला. "आज्यानं, बापानं, मी. मेंढरांच्या टाळक्याला लावलं समदं."

कडूबाईला नवल वाटलं नाही. "आवं, मी माझ्या माहेरच्या तांब्याला कधी वाळू लावली का? तव्याला वाळू, विळ्याला विटंचा चुरा, पितळंला राख. ह्ये वाडीतल्या कुण्या बी बाईला ठावं हाय."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"मानाच्या कामात बाईला इचारतंय कोण?"

 

पुढच्या दसऱ्याला त्यानं वाळूला हात लावला नाही. मुखवटा उजळणीच्या आदल्या रात्री चिंचेच्या कोळात बुडवून ठेवला आणि सकाळी चुलीतल्या राखेनं घासला. चिंच पितळेचं काळं काढते हे त्यानं ऐकलं होतं, पण ती किती वेळ ठेवायची हे विचारलं नव्हतं. बायकोला पुन्हा विचारणं जड गेलं असावं. रात्रभराच्या आंबटानं पितळेवर तांब्यासारखी लाली चढली. परातीतलं पाणी नुसतं काळं. तेजाचा एक कण नाही. बायनाबाई नावाची जुनी म्हातारी होती, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "देवाचं तोंड लालबुंद झालंय. कोपलाय त्यो."

त्या हिवाळ्यात मेंढरांची तोंडं आली. रोग आसपासच्या सगळ्याच वाड्यांत होता, पण ते कोण ऐकतो! वाडीच्या पाटलांनी, सुंदररावांनी, देवळात माणसं जमवली आणि उजळणीचा मान धुळाजीच्या घरातून काढून बंकटला दिला. धुळाजी मान खाली घालून बसला होता. पिढ्यांचा मान त्याच्या हातून गेला होता. घरी आल्यावर तो मेंढरांच्या वाड्यात जाऊन रडला. कडूबाईनं त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं.

बंकट भावकीतलाच. काही वर्षं बीडला निजाम सरकारच्या शिपायांत होता. पट्ट्याचं पितळी बक्कल त्यानं घरी आणलं होतं आणि रोज घालायचा. "साहेब माझ्या बकलात आपली दाढी बघायचा," असं तो सांगे. बक्कल घासायला तो विटेचा चुरा वापरायचा. पुढच्या दसऱ्याला त्यानं देवाचं तोंडही वाळू आणि विटेच्या चुऱ्यानं घासलं. मुखवटा असा लखलखला की लोकांनी भंडारा उधळला. परात तेजानं भरली. धुळाजी गर्दीत उभा होता. हा मानासाठी जळतोय, असं सगळ्यांना वाटलं. मान गेल्याचं दुःख त्याला होतंच, खोटं कशाला सांगू? पण त्याचं लक्ष बंकटच्या अंगठ्याकडे होतं. पत्रा आणखी चार-दोन उजळण्या काढेल, मग गालाला भोक पडेल, हे त्या गर्दीत त्याला एकट्याला कळत होतं.

मग त्यानं घरातली भांडी घासून बघायला सुरुवात केली. मान तर गेलेला, मग आता हे कशाला, असं कडूबाईनं विचारलं. तो म्हणाला, "मान गेला. देव हाय ना अजून." त्यानं वारुळाची माती लावून बघितली, ज्वारीचा कोंडा लावून बघितला, विटेचा चुरा कपड्यातून गाळून बघितला. प्रत्येक वेळी भांडं तिरप्या उन्हात धरून चरे बघायचा. चुरा कितीही बारीक केला तरी चरे उठायचे. कोंड्यानं चरा येत नसे, पण काळंही निघत नसे. चुलीच्या राखेतही कुठे कुठे खडा असे, आणि तो एक खडा सगळ्या कामावर पाणी फिरवी. या वेळी मात्र तो बायकोला विचारत होता. चिंच लावायची ती एक घागर पाणी भरून आणेपर्यंतच, मग लगेच धुवायची, हे तिनं सांगितलं. राखेचं त्याला पाण्यानं कळलं. मेंढरांच्या लेंड्यांची राख पाण्यात कालवली की जड खडे आधी बुडतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, निवळू द्यायचं, आणि तळाला बसेल ती राख घ्यायची. बोटांत चोळली तर पिठासारखी. ती ओल्या लोकरीवर घेऊन, जोर न लावता फिरवायची. वेळ फार लागे. पण कडूबाईच्या माहेरचा तांब्या उन्हात धरला तेव्हा त्यावर एक चरा नव्हता, आणि त्यात धुळाजीचा चेहरा दिसत होता.

दसरा जवळ आल्यावर तो राखेचं गाठोडं आणि लोकर घेऊन बंकटच्या दारात गेला. बंकटनं ऐकून घेतलं आणि हसला.

"येडा समजतो का बे मला? तुझी राख लावायची, देव काळा ठेवायचा, अन् मान परत तुझ्या घरात. व्हय ना?"

"मान तुझाच ऱ्हाऊ दे. फकस्त वाळू लावू नको. गालाला आतनं बोट लावून बघ, पत्रा राहिलाच न्हाई."

"गोड बोलून गळा कापणारी लई बघितलीत मी बीडात. खरं आसंल तर देवापुढं भंडारा उचल. तू अन् तुझ्या वंशातलं कुणी या मुखवट्याला पुन्हा हात लावणार न्हाई म्हणून."

भंडारा उचलून घेतलेली आण आमच्याकडे कोणी मोडत नाही. आणि ही आण साधी नव्हती. उजळणीचा मान ज्याचा त्याचा, पण दसऱ्याला पालखी दारात आली की मुखवट्याला हात लावून तो छातीला लावायचा, हा हक्क वाडीतल्या प्रत्येकाचा. बंकट तोही मागत होता. धुळाजीला दोन मुलगे होते. त्यानं राखेचं गाठोडं उचललं. मग म्हणाला, "चल."

देवळात त्यानं मूठभर भंडारा उचलला आणि बंकटनं सांगितले ते शब्द म्हटले. बंकटचाच चेहरा उतरला. आपण भलतंच मागितलं, असं त्याला तिथेच वाटलं असणार. पण शब्द परत घ्यायची त्याची जात नव्हती. त्यानं मुखवटा हातात घेतला, आतून बोट लावलं, गाल दाबून बघितला आणि मुखवटा हळूच खाली ठेवला. मग म्हणाला, "राखेचं समदं सांग. पर तेजाचं काय? पाणी काळं निघालं तर लोक माझं बी तेच करतील."

धुळाजीला त्यावर काही सुचलं नव्हतं. बंकटला सुचलं. सरकारी नोकरीत माणूस एवढं तरी शिकतोच. उजळणीच्या आधी, कोणी बघत नसताना, परातीत पाणी घेऊन त्यानं कमरेचं बक्कल वाळूनं घासघास घासलं, आणि मग त्याच परातीवर मुखवटा धरून लोकरीनं हळूहळू उजळला. पाणी सोनेरी चमकत होतं. वाडीनं आनंदानं ते मेंढरांच्या कपाळाला लावलं. मेंढरं त्या साली धडधाकट राहिली. बक्कल दर साली पातळ होत गेलं, पण मेंढरांनी तक्रार केली नाही.

पुढची सगळी वर्षं लोक बंकटच्या हाताची वाहवा करत राहिले. पालखी दारात आली की धुळाजीच्या घरचे, त्यानं बजावल्यामुळे, दोन पावलं मागे उभे राहून हात जोडत. वाडीला वाटे, मान गेला म्हणून हे घर देवावर रुसलंय. मुलांनी बापाला त्यावरून टाकून बोलून घेतलं. त्यानं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेजाचंही सांगावं लागलं असतं, आणि मग बंकटची काही धडगत नव्हती. कडूबाईला मात्र त्याच्या या गप्प राहण्याचा राग होता. मला सांगतानाही तिचा आवाज चढला होता.

धुळाजीच्या शेवटच्या दसऱ्याला तो अंगणात बाजेवर पडून होता. पालखी दारात आली तेव्हा बंकटनं, तोही आता वाकलेला, भोयांना ती खाली ठेवायला लावली. मुखवटा त्यानं स्वतः उचलून बाजेपाशी आणला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "धुळाजी, तुला आणंतनं सोडवतो. चूक माझी हुती. लाव हात."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कसली आण, कोणालाच कळेना. मुलगे पुढे आले. धुळाजीनं मुखवट्याकडे डोळे भरून पाहिलं. गाल धड होता, भोक पडलं नव्हतं.

"पोरांला लावू दे," तो म्हणाला. मुलांनी हात लावून छातीला लावले. कडूबाईनं त्याचा हात धरून पुढे न्यायला बघितला, तर त्यानं तो घोंगडीखाली ओढून घेतला.

"माझा नगं," तो म्हणाला. "ह्या हातानं लई खाल्लंय त्याला."